कोणाकडे सेफिक्सिम आहे का?

ए-२०३ : कोणाकडे सेफिक्सिम २०० आहे का? मिस्टरांना घसा आणि ताप, वाघबीळ नाक्यावरचा मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देत नाहीये. दोन-तीन गोळ्या असल्या तरी चालतील 🙏

सी-६०१ : माझ्याकडे चार आहेत, मागच्या आजारपणातल्या. पाठवतो

बी-५०४ : काका प्लीज नका देऊ. ताई, मेडिकलवाला बरोबर वागतोय, सेफिक्सिम अँटिबायोटिक आहे, शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत, २०१४ पासून पेशंट आणि डॉक्टरचं नाव रजिस्टरला लिहून तीन वर्षं ठेवावं लागतं त्यांना. आणि घसा बहुतेक वेळा व्हायरलच असतो, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. आज पॅरासिटामॉल आणि गुळण्या. पाणीही गिळता येत नसेल किंवा दम लागत असेल तर मात्र आत्ताच कॅज्युअल्टीत न्या

डी-१०२ : दोन गोळ्यांनी काय होतंय ताई, नवीन औषधं येतातच की

बी-५०४ : येतात पण पुरत नाहीत ना. आमच्या आयसीयूत सध्या एक आजोबा आहेत, फुफ्फुसात क्लेबसिएला नावाचा जंतू, कल्चरला म्हणजे जंतू वाढवून कुठलं औषध चालतं ते बघायला तीन दिवस गेले आणि रिपोर्ट आला तर एकाखाली एक आर आर आर म्हणजे रेझिस्टंट, मेरोपेनेमसारखं भारी अँटिबायोटिकसुद्धा आर, शेवटी कोलिस्टिन त्यापुढे आय म्हणजे इंटरमीजिएट, मधलं. एस म्हणजे नक्की चालेल असं येतच नाही तिथे, २०२० पासून सीएलएसआयच्या, म्हणजे लॅबचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमात कोलिस्टिनला एस ठेवलेलंच नाही, इतका त्याचा भरवसा कमी. औषध जुनंच आहे, किडनी खराब करतं म्हणून मागे पडलेलं, बाकीची चालेनाशी झाली तेव्हा परत काढलं. पहिला डोस ९० लाख युनिटचा, मग किडनीसाठी रोज रक्तातलं क्रिएटिनिन बघायचं आणि ते वाढलं की नातेवाईकांशी डायलिसिसचं बोलायचं. फार वाईट वाटतं हो

सी-६०१ : आमच्या साडूंना एक महागडं नवीन दिलं होतं, सेफ्टाझिडिम काहीतरी

बी-५०४ : सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम. पण आपल्याकडे एनडीएमवाले, म्हणजे मेरोपेनेमसारखी औषधं तोडणारं एन्झाइम असलेले जंतू बरेच, त्यांच्यावर ते एकटं चालत नाही, जोडीला अझ्ट्रिओनाम लागतं

डी-१०२ : पण त्याचा घशाच्या गोळीशी काय संबंध?

बी-५०४ : गोळी नुसती घशात जात नाही ना, पोटातले साधे जंतू मरतात, रेझिस्टंट उरतात, वाढतात आणि आपली जीन्स दुसऱ्या जंतूंनाही देतात. कोलिस्टिनला न जुमानणारं असं एक जीन, एमसीआर-१, २०१५ मध्ये चीनमधून रिपोर्ट झालं, डुकरांत आणि मांसात होतं, पेशंटमध्येही. आपल्याकडे २०१९ मध्ये कोंबड्यांना कोलिस्टिन द्यायला बंदी आली ती उगाच नाही

ए-२०३ : बरं, सकाळी डॉक्टरांकडेच नेते. काका राहू द्या, थँक्यू

डी-१०२ : ताई मग एक विचारू का, सासूबाईंच्या युरिन कल्चरमध्ये ई. कोलाय आलंय, मेरोपेनेम आर. इंजेक्शनं लागतील का?

बी-५०४ : जळजळ, ताप आहे? कॅथेटर?

डी-१०२ : काहीच नाही, रुटीन चेकअपमध्ये केलेलं

बी-५०४ : मग डॉक्टरांना हेच आधी सांगा, त्रास काहीच नाही म्हणून. वयस्कर बायकांच्या युरिनमध्ये असे जंतू बऱ्याचदा सापडतात आणि त्रास नसेल तर सहसा अँटिबायोटिक देतच नाहीत. रिपोर्ट मला पर्सनलवर टाका, ड्यूटी संपली की बघते