मोरी तुंबली की कोण धावतं? फ्लॅटवाले आणि बैठ्या घरवाले, अनुभव लिहा

परवा रविवारी सकाळी चहा टाकला आणि पायाला गार काहीतरी लागलं. बघते तर सिंक काठोकाठ भरून ओट्यावरून पाणी खाली गळतंय. त्यात भाताची शितं, कोथिंबिरीच्या काड्या आणि पिवळट बेसनाचा थर. आमच्याकडे आदल्या रात्री खिचडी होती. म्हणजे पिठलं वरच्या कुणाचं तरी!

आम्ही गोरेगावला, सात मजली बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर. खाली स्टिल्ट पार्किंग. वरच्या सहा स्वयंपाकघरांचं पाणी आमच्याच भिंतीलगतच्या एका उभ्या पाइपातून उतरतं. खाली चेंबर तुंबलं की उलट फिरलेल्या पाण्याला पहिलं भोक सापडतं ते आमच्या सिंकचं. माहेरी मुलुंडला बैठं घर होतं. तिथेही तुंबायचं, पण बाबा चेंबरचं झाकण उचलून बांबूची पट्टी घालायचे, तासाभरात विषय संपायचा. इथे ग्रुपवर पहिले दोन तास "आमच्याकडे तर पाणी नीट जातंय" एवढंच चालू होतं.

तुमच्याकडे काय होतं? सविस्तर लिहा. फोटो नकोत, प्लीज.

गोराईची सून
बैठं घर म्हणजे सुख, हे माहेरच्या आठवणीत ठीक आहे गं. आमच्याकडे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. जुलैत जमिनीतलं पाणी वर आलं की शोषखड्डा घोटभरही पाणी घेत नाही. फ्लश केला की पाणी भांड्यात चढतं आणि तिथेच उभं राहतं. उपसायची गाडी गल्लीत शिरत नाही, लांबून पाइप ओढतात, त्याचे पैसे वेगळे. तक्रार करायला वरचा मजला नाही, बिल वाटून घ्यायलाही कोणी नाही.

त्यात दारात उंबर. जुन्या चिनीमातीच्या पाइपाच्या सांध्यांतून त्याची केसासारखी मुळं आत शिरली आणि आत जटा झाल्या. प्लंबरने ओढून काढली ती हातभर लांब, काळी, ओली, अगदी घोड्याच्या शेपटीसारखी. मी म्हटलं झाड काढू. सासूबाई म्हणाल्या, दत्ताचं झाड आहे, हात लावायचा नाही. पाइप बदलला.

नाइलाजाने सेक्रेटरी
बोरिवली, दोन विंग. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे सामाईक ड्रेनेज लाइनची दुरुस्ती सोसायटीकडे, फ्लॅटच्या आतली सभासदाकडे. कागदावर दोन ओळी. प्रत्यक्षात चोक-अप नेमका कुठे, यावरच सगळं भांडण.

गेल्या वर्षी एका विंगमध्ये तिसऱ्या मजल्याच्या नहाणी ट्रॅपमधून (म्हणजे बाथरूमच्या जाळीखालची, पाणी धरून ठेवणारी वाटी) पाणी वर यायला लागलं. सळई घातली, अडकली. शेवटी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, पाइप कापला. आत दगडासारखा घट्ट गोळा, व्हाइट सिमेंट आणि टाइल कापल्याचा गाळ. आणि त्यात रुतलेला निळ्या टाइलचा नखाएवढा तुकडा. विंगमध्ये निळं बाथरूम नुकतंच कोणी केलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं, कारण वास्तुशांतीला सगळे ते बघून आले होते. मालक म्हणाले, कॉन्ट्रॅक्टरला विचारा. कॉन्ट्रॅक्टर फोन घेईना. खर्च सोसायटीने केला, अजून वसूल झालेला नाही. तेव्हापासून रिनोव्हेशनच्या परवानगीबरोबर डिपॉझिट घेतो आणि काम चालू असताना नहाणीला गोणपाट बांधलंय का ते स्वतः जाऊन बघतो. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत.

गिरगावकर
चाळीत मोरी गॅलरीच्या टोकाला, पाइप बिडाचे आणि सगळे बाहेरून, घरगल्लीत, म्हणजे दोन चाळींमधल्या बोळात. कोणी माशाचे खवले मोरीत टाकले हे दुपारपर्यंत अख्ख्या मजल्याला कळायचं. तुमच्या डक्टपेक्षा ते बरं होतं. मात्र घरगल्लीत वरून पडणाऱ्या पिशव्यांबद्दल मी काही बोलणार नाही, जेवायची वेळ आहे.

टॉपफ्लोअर
आमचा सातवा मजला. बारा वर्षांत एकदाही तुंबलं नाही. 😊

धागाकर्ती
@टॉपफ्लोअर, पिठलं छान होतं हो.

पाइपवाला इंजिनिअर
नहाणीतून किंवा सिंकमधून गुळगुळ आवाज येतो ना, त्याकडे कान द्या. वरून पाणी उतरताना पाइपातली हवा व्हेंटमधून, म्हणजे हवेसाठीच्या पाइपातून, जायला हवी. व्हेंट किंवा खालची लाइन अर्धवट बंद असली की ती हवा तुमच्या ट्रॅपमधल्या पाण्यातून वाट काढते. पूर्ण तुंबण्याआधीची ही सूचना.

तेल गरम पाण्याबरोबर ओतलं की गेलं असं वाटतं. ते खाली जाऊन गार होतं, पाइपाला चिकटतं, मग त्यावर चहाचा चोथा आणि शितं बसतात. आडव्या लाइनला उतार कमी असेल तर आणखी लवकर. चार इंची पाइपाला चाळीस फुटांत साधारण फूटभर उतार हवा. ॲसिड ओतू नका. बिडाचा पाइप खातं, आणि नंतर सळई घालणाऱ्याच्या अंगावर उडतं.

मुंबईत पावसाच्या पाण्याची लाइन आणि मैलापाण्याची लाइन वेगळी. गच्चीचा पाइप मैल्याच्या चेंबरला जोडलेला असेल, तर जोराच्या पावसात तळमजल्याचं काय होईल ते सांगायला नको. रस्त्यावरचं मॅनहोलच भरलेलं असेल तर आतलं साफ करून उपयोग नाही. पालिकेच्या 1916 वर तक्रार नोंदवा. आणि कितीही घाई असो, चेंबरमध्ये किंवा टाकीत माणूस उतरवू नका. आत विषारी वायू असतो, आणि संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवायला 2013 च्या मानवी मैलासफाईविरोधी कायद्याने बंदी आहे. जोराच्या पाण्याने लाइन धुणारं जेटिंग मशीन मागवा.

धागाकर्ती
अपडेट. जेटिंग झालं. चेंबरमधून साबणाच्या वडीसारखे पांढरे थर निघाले, सगळं तेल. सेक्रेटरींनी सातही मजल्यांना सिंकच्या जाळ्या वाटल्या. पाचव्या मजल्यावरच्या काकांनी घेतली नाही, "आमच्याकडून काही जातच नाही" म्हणाले.

हे लिहितेय आणि सिंक गुळगुळतंय.