जलाशयावरचा बोट-रॅम्प आणि काठावरच्या सोयी नव्याने बांधायच्या आहेत, सुरुवात कुठून करावी?

पाणकाठ

मंडळी, एका जलाशयावरचा सार्वजनिक बोट-रॅम्प (ट्रेलरवरून बोट पाण्यात उतरवायचा काँक्रीटचा उतार) आणि त्याच्या भोवतीच्या सोयी नव्याने बांधण्याचा आराखडा करायचा आहे. आहे तो रॅम्प एकपदरी, ३० मीटर लांब, १२ टक्के उताराचा. तलाव भरलेला असताना तक्रार नाही. पण हंगामाच्या शेवटी पाणी पूर्ण संचय पातळीच्या (तलाव पूर्ण भरल्यावरच्या पातळीच्या) ६ मीटर खाली जातं आणि रॅम्पचं टोक उघडं पडतं. ट्रेलरची चाकं काँक्रीटवरून घसरून खड्ड्यात अडकतात. टोकाकडचे दोन स्लॅब खालून पोकळ झालेत, एकाला आरपार तडा आहे. शेजारची जेटी पक्क्या खांबांवरची, त्यामुळे निम्मं वर्ष ती पाण्यावर उंच लटकलेली असते. पार्किंग मुरुमाचं, स्वच्छतागृह पाण्याला खेटून, बसायला सावली नाही.

निधी टप्प्याटप्प्याने मिळणार आहे. आधी सावली, बाकं, पार्किंग करून टाकू म्हणजे लोकांना काम दिसेल, असा एक आग्रह आहे. तुमचं मत काय? आणि रॅम्पची लांबी, उतार कसा ठरवायचा?

खडीवाळू

आधी रॅम्प, आणि तोही तळाकडून. पाणी खाली असतं ते मोजकेच आठवडे. ते हातचे गेले की रॅम्पचं काम वर्षभर लांबतं. सावली आणि पार्किंग भरल्या तलावातही होतं. शिवाय पार्किंग आधी केलंत तर काँक्रीटचे मिक्सर आणि पोकलेन त्याच नव्या थरावरून फिरणार आणि तो पुन्हा करावा लागणार.

लांबीचा हिशोब पातळीवरून निघतो. पाणीपातळीच्या रोजच्या नोंदी किमान १० वर्षांच्या घ्या आणि लोक बोटी आणतात त्या महिन्यांतली नीचतम पातळी काढा. रॅम्पचं टोक त्या पातळीच्या १.२ मीटर खाली हवं, वरचा माथा पूर्ण संचय पातळीच्या ०.६ मीटर वर. तुमच्याकडे ६ मीटर चढउतार, म्हणजे एकूण उभी उंची ७.८ मीटर. १४ टक्के उतार धरला तर आडवी लांबी जवळपास ५६ मीटर. आत्ताचा ३० मीटरचा रॅम्प ३.६ मीटर उंचीच पेलतो. ट्रेलर अडकतात त्याचं मूळ कारण हे आहे, चालकांचा त्यात दोष नाही.

उतार १२ ते १५ टक्क्यांत ठेवा. त्याहून सपाट असेल तर बोट तरंगायच्या आधी गाडीची मागची चाकं पाण्यात जातात. त्याहून तीव्र असेल तर ओल्या काँक्रीटवर गाडी बोटीसकट वर ओढताना चाकं जागीच फिरतात. पदराची रुंदी ४.५ मीटरपेक्षा कमी नको. माथ्यावर सपाट रस्ता आणि उतार यांचा सांधा धारदार ठेवू नका, सुमारे ६ मीटर लांबीचा गोलसर वळ द्या. तो नसेल तर ट्रेलरचं पोट घासतं आणि मागे घेणाऱ्याला ट्रेलर दिसेनासा होतो.

पृष्ठभागाबद्दल हट्टी राहा. झाडूने मारलेल्या रेघा शेवाळाखाली दोन हंगामांत बुजतात. ओल्या काँक्रीटमध्ये २५ मिलिमीटर खोल, व्ही आकाराच्या खाचा पाडा, रॅम्पच्या मध्यरेषेशी ६० अंशांत तिरक्या. तिरक्या एवढ्यासाठी की पाणी आणि गाळ त्यातून बाजूला वाहून जातो. काटकोनातल्या खाचांत तो साचून बसतो. मिश्रण घट्ट हवं, स्लंप (साचा काढल्यावर ताजं काँक्रीट जेवढं खचतं ते माप) ५० मिलिमीटरच्या आसपास. पातळ मिश्रण १४ टक्के उतारावर खाली ओघळतं आणि खाच मिटते. खाचा पाडायला फळीला लोखंडी अँगल वेल्ड करून घडवलेलं हत्यार पुरतं.

तळमाप

खडीवाळू यांच्या आकड्यांशी सहमत. एक महत्त्वाची गोष्ट राहिली, कारण बहुतेक रॅम्प वरून झिजत नाहीत, खालून जातात.

तुमचा टोकाचा खड्डा बहुधा बोटीच्या पंख्याने पाडलेला आहे. लोक इंजिन जोरात चालवून बोट ट्रेलरवर चढवतात. पंख्याचा झोत टोकाजवळची माती उकरतो आणि तीच थोडी पुढे नेऊन टाकतो. म्हणून टोकाशी खड्डा आणि त्याच्या पलीकडे उंचवटा, ज्यावर नंतर पंखे आपटतात. बांधकामाआधी टोकापासून पुढे १५ मीटरपर्यंत दर २ मीटरवर खोली मोजा. खड्डा आणि उंचवटा अशी जोडी सापडली तर कारण नक्की झालं.

उपाय असा: टोकाला स्लॅबच्या खाली उतरणारी टो-वॉल, आणि पुढे ४ ते ६ मीटर दगडी पिचिंग (दगड रचून केलेलं अस्तर) किंवा केबलने जोडलेल्या काँक्रीट ठोकळ्यांची चटई. खाली न विणलेलं जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) हवंच, नाहीतर दगडांच्या फटींतून माती निघून जाते आणि दगड खचतात. दगडाची पातळी स्लॅबला समतल किंवा किंचित खाली ठेवा, वर आली तर पंखे तुटतात. मुठीएवढी खडी इथे टिकत नाही, झोताने उडते. दोन्ही कडांनाही एक-दीड मीटर रुंद पिचिंग घ्या, कारण लाटा कडेकडूनच आत शिरतात.

दुसरी गोष्ट, खालचा दाब. तलावाची पातळी झपाट्याने उतरली की स्लॅबखालचं पाणी मागे राहतं. १५० मिलिमीटर जाड स्लॅबचं वजन साधारण ३७ सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाएवढं. बाहेरच्यापेक्षा आतलं पाणी तेवढं वर राहिलं की स्लॅब उचलला जाऊ शकतो, आणि परत बसताना खालची माती हललेली असते. म्हणून स्लॅबखाली मुरूम दाबू नका. मुरमातून पाणी निघत नाही. बारीक चुरा नसलेली स्वच्छ फोडखडी १५० मिलिमीटर घ्या आणि कडा बंद करू नका, पाण्याला बाजूच्या पिचिंगमधून वाट राहू द्या.

जुना स्लॅब फोडलात की तुकडे टोकाशी टाकून भराव करायचा मोह होईल. करू नका. त्यातल्या सळया पाण्याखाली उभ्या राहतात आणि बोटींचे तळ, माणसांचे पाय फाडतात. सगळं बाहेर काढा.

पाणकाठ

खूप उपयोगी. एक अडचण: नव्या रॅम्पचं टोक नीचतम पातळीच्याही १.२ मीटर खाली जाणार, म्हणजे शेवटचे आठ-नऊ मीटर कधीच कोरडे पडणार नाहीत. तिथे काँक्रीट कसं करायचं? आणि जेटीचं काय?

खडीवाळू

तीन वाटा आहेत. तात्पुरता बांध घालून आतलं पाणी उपसणं, हे सर्वांत चांगलं. पाणी १.२ मीटरच खोल आहे, त्यामुळे मोठ्या पिशव्या किंवा मातीचा बांध जमू शकतो, मात्र तळ पाझरणारा असेल तर पंप दिवसरात्र चालू ठेवावा लागतो. बांधात टो-वॉल आणि पिचिंगसाठीही जागा धरा, नुसत्या स्लॅबपुरता बांध घातला तर टो-वॉल ओतायलाच जागा उरत नाही.

दुसरी वाट, आधी ओतून ठेवलेल्या काँक्रीटच्या फळ्या. पदराच्या रुंदीएवढ्या लांब, १५० मिलिमीटर जाड, मध्ये ५ ते ७ सेंटिमीटर फट सोडून खडी भरायची. फटीतून दाब निघून जातो हा फायदा. पण फळ्या एकमेकींना पक्क्या जोडल्या नाहीत तर एक घसरली की वरच्या सगळ्या सरकतात.

तिसरी, स्लॅब काठावर ओतून डोझरने ढकलत पाण्यात उतरवणं. त्यासाठी पाण्याखाली खडीचा थर आणि मार्गदर्शक रूळ पाणबुड्यांकडून अचूक बसवून घ्यावे लागतात. थरात उंचसखल राहिलं तर स्लॅब मधल्या भागात टेकतच नाही आणि पहिल्या जड ट्रेलरला तडकतो. पुरतं क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवून पक्कं होऊ देणं) होऊन मजबुती आल्याशिवाय ढकलू नका, स्लॅबवर सर्वांत जास्त ताण त्याच वेळी येतो.

दोरगाठ

जेटीबद्दल लिहितो. ६ मीटर चढउतारावर पक्की जेटी कधीच जुळणार नाही, तरंगता धक्काच हवा. रॅम्पच्या कडेला समांतर, प्रत्येकी ६ मीटर लांब तुकडे बिजागरांनी जोडलेले, प्रत्येक तुकड्याखाली घसरपट्ट्या किंवा चाकं. पाणी उतरलं की वरचे तुकडे काँक्रीटवर टेकतात, खालचे तरंगत राहतात. त्यासाठी रॅम्प तेवढा रुंद ओतायला हवा, धक्क्याची पट्टी पदराच्या ४.५ मीटरमध्ये मोजू नका. ही चूक वारंवार होते आणि मग गाडीचे आरसे धक्क्याला घासतात.

रुंदी २.४ मीटर घ्या. १.८ चालते, पण दोन माणसं एका कडेला आली की डुलते. तरंगांचा, म्हणजे धक्क्याला खालून तरंगत ठेवणाऱ्या बंद डब्यांचा हिशोब: ६ बाय २.४ म्हणजे १४.४ चौरस मीटर. माणसांचा भार चौरस मीटरला १५० किलो धरला तर २,१६० किलो. सांगाड्याचं वजन चौरस मीटरला ८० किलो धरलं तर आणखी १,१५० किलो. म्हणजे पूर्ण भाराखाली नुसतं बुडू नये एवढ्यासाठी ३.३ घनमीटर तरंग लागतो. त्यावर किमान पाव भाग जास्त, म्हणजे ४.१ घनमीटर.

उघडा थर्माकोल अजिबात नको. पेट्रोल सांडलं की तो विरघळतो, प्राणी कुरतडतात, आणि त्याचे दाणे पुढची कित्येक वर्षं काठावर मिळत राहतात. आत फोम भरलेले बंद पॉलिथिनचे तरंग घ्या. बोल्ट, बिजागऱ्या सगळं गरम जस्तात बुडवून काढलेलं. खांबांच्या कड्यांवर धक्का सरकणार असेल तर खांबाची उंची पूर्ण संचय पातळीवरून नाही, पुराच्या कमाल पातळीवरून मोजा आणि वर मीटरभर ठेवा. नाहीतर एका पुरात धक्का खांबावरून निघून जातो.

व्हीलचेअरबद्दल स्पष्ट सांगतो. काठावरून धक्क्यावर जाणारा १:१२ उताराचा पूल पाणी ६ मीटर खाली गेल्यावर ७२ मीटर लांब लागेल. २४ मीटरचा पूल घेतलात तर पहिल्या २ मीटर उतारापर्यंत तो नियमात राहतो, पुढे तीव्र होत जातो. तेव्हा काठावर वेगवेगळ्या पातळ्यांवर दोन-तीन टप्पे आधीच बांधून ठेवा आणि पूल हंगामाप्रमाणे हलवा. रॅम्पचा १४ टक्के उतार खुर्चीसाठी रस्ता समजू नका, तो धोक्याचा आहे.

सावलीखाली

वरच्या भागाचं थोडक्यात. गाडी-ट्रेलरची जागा ३ बाय १२ मीटर, ४५ ते ६० अंशांत तिरकी, पुढून आत आणि पुढूनच बाहेर. एका पदराला २० ते ३० जागा पुरतात. बोट तयार करायची जागा रॅम्पच्या आधी आणि बाहेर आल्यावर दोर बांधायची जागा नंतर, दोन्ही रॅम्पच्या तोंडापासून बाजूला. पदर अडतो तो उतरवण्याने कमी, तयारीने जास्त. पार्किंगचं पाणी रॅम्पवरून वाहू देऊ नका, माथ्यावर आडवी जाळीची गटार घेऊन गवताळ चरात सोडा.

स्वच्छतागृहाची बंद टाकी पूरपातळीच्या वर. ते जमत नसेल तर टाकी जमिनीला जखडून ठेवावी लागेल. ४,००० लिटरची रिकामी टाकी पाण्याखाली गेली तर सुमारे ४ टन जोराने वर येऊ पाहते आणि वरची खोली उचलते. हवेचा नळ काळा, उन्हाच्या बाजूला, छताच्या वर ६० सेंटिमीटर, म्हणजे तापलेली हवा वर जाऊन खोलीतली हवा टाकीतून ओढली जाते. दार बंद असताना खाली हवा आत यायची फट नसेल तर हे चालत नाही. टाकी उपसणारी गाडी अगदी जवळ उभी राहील असा रस्ता ठेवा.

बसायच्या टेबलांपैकी काहींची एक बाजू व्हीलचेअरसाठी पुढे वाढवलेली हवी: खाली गुडघ्यांसाठी ७० सेंटिमीटर उंच, ४८ सेंटिमीटर खोल मोकळी जागा. आणि ते टेबल पार्किंगपासून कडक वाटेने जोडलेलं, नाहीतर त्याचा उपयोग शून्य.

पाणकाठ

ठरलं. पहिला टप्पा रॅम्प, टो-वॉल, पिचिंग; दुसरा धक्का; मग पार्किंग आणि बाकी. धक्क्याचे अँकर-बोल्ट मात्र पहिल्याच टप्प्यात काँक्रीटमध्ये सोडून ठेवतो.

तळमाप

बरोबर. त्या बोल्टांची जागा नकाशावर रॅम्पच्या मध्यरेषेपासून मोजून नोंदवा, गाळाखाली ते सापडत नाहीत. बांधकाम झाल्यावर आणि पहिल्या हंगामाच्या शेवटी तशीच दर २ मीटरवर खोली पुन्हा मोजा. पिचिंगच्या पलीकडे ३० सेंटिमीटरहून जास्त खड्डा दिसला तर त्याच वर्षी दगड भरा. खड्डा टो-वॉलच्या पायापर्यंत पोचला तर नुसत्या दगडांनी भागत नाही, स्लॅब उचलावा लागतो.