कॅपिडला (परदेशी डेंटिस्टसाठी अमेरिकन डेंटल कॉलेजांचा कॉमन अर्ज) दुसऱ्यांदा अप्लाय करायचंय, आधी एमपीएच (पब्लिक हेल्थमधलं मास्टर्स) करू का?

सांगलीची_डेंटिस्ट:
नमस्कार सगळ्यांना. बीडीएस झालंय, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची डिग्री, इंटर्नशिपनंतर इथेच एका क्लिनिकला जातेय. आयएनबीडीई (अमेरिकेची डेंटल बोर्डाची परीक्षा) पास, टोफेल पण झालंय. मागच्या सायकलला अमेरिकेतल्या ॲडव्हान्स्ड स्टँडिंगसाठी (परदेशी डेंटिस्टना मधल्या वर्षात घेऊन तिकडची डिग्री देणारा कोर्स) कॅपिडमधून अप्लाय केलं, बहुतेक कॉलेजांकडून काहीच नाही, एका ठिकाणी बोलावलं, बेंच टेस्ट (कृत्रिम दातांवर हाताने काम करून दाखवायची परीक्षा) दिली, मग वेटलिस्ट आणि शेवटी रिजेक्ट. मार्क बरे आहेत पण सेकंड इयरला एक विषय राहिला होता. आता जो तो म्हणतो तिकडे जाऊन एमपीएच कर म्हणजे सीट मिळतेच. बाबा लोन काढायला तयार आहेत, पण एमपीएचचं लोन आणि पुढे डीडीएसचं (तिकडची डेंटल डिग्री), मला रात्री झोप येत नाही. मास्टर्सने खरंच फरक पडतो का?

निळी_छत्री:
'मिळतेच' म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नकोस. माझ्यासोबत एमपीएच केलेल्यांत सीट मिळालेले आहेत तसे न मिळालेलेही आहेत. एमपीएचने बीडीएसचे मार्क बदलत नाहीत, ईसीईचा रिपोर्ट (आपल्या मार्कांचं अमेरिकन पद्धतीत केलेलं मूल्यमापन) तोच राहतो, फक्त शेजारी एक अमेरिकन ट्रान्सक्रिप्ट येते. आता आयएनबीडीईत नुसतं पास-नापास कळतं, पूर्वीसारखी स्कोअर दाखवून भरपाई करायची सोय राहिली नाही, म्हणून राहिलेल्या विषयावर चांगल्या जीपीएचा (तिकडच्या ग्रेडची सरासरी) उपयोग होऊ शकतो. तिथल्या प्रोफेसरचं लेटर मिळालं तर तेही मोलाचं, पण प्रोफेसरने तुझं काम जवळून बघितलेलं हवं.

पण तुला इंटरव्ह्यूला बोलावलं होतं म्हणजे फाईल अगदीच वाईट नाहीये. बेंचला काय झालं ते आधी शोध. एमपीएचमधले बायोस्टॅटचे पेपर देऊन क्राउन प्रेपचा टेपर (कॅपसाठी दात घासताना ठेवायचा उतार) सुधारत नाही. टायपोडॉन्ट (सरावाचं दातांचं मॉडेल) घे, घड्याळ लावून क्लास टू (दाढांच्या मधल्या बाजूची कॅव्हिटी) आणि क्राउन प्रेप कर आणि चिकित्सकपणे बघणाऱ्या कोणाकडून तरी तपासून घे.

ह्यूस्टनवासी:
मी थोडं वेगळं सांगतो, एमपीएच करूनच डीडीएसला लागलोय. डिग्रीपेक्षा इथे असण्याचा फायदा जास्त झाला, शॅडोइंग (डेंटिस्टचं काम शेजारी उभं राहून बघणं), डेंटल स्कूलमधल्या प्रोजेक्टला हातभार, लोकांशी ओळख, हे सांगलीत बसून अवघड आहे. मात्र एफ-वनवर (स्टुडंट व्हिसावर) बाहेरच्या क्लिनिकमध्ये असिस्टंट म्हणून पगारी काम परवानगीशिवाय करता येत नाही, कॅम्पसवरचं काम सेमिस्टर चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. काम करून फी भागवू असं बाबांना सांगू नकोस प्लीज.

अजून एक, इथल्या प्रीडेंटल (डेंटलला जायच्या तयारीतल्या) मुलांचे मास्टर्सबद्दलचे सल्ले वाचून ठरवू नकोस. त्यांचा सायन्स जीपीए कमी असतो म्हणून ती बायोमेडिकल सायन्सेसमध्ये मास्टर्स करतात, ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेम, म्हणजे डेंटलच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास झेपतो हे दाखवायला. आपण ते सगळं बीडीएसला केलंय. एमपीएचमधून एपिडेमिऑलॉजी (समाजात रोग कसे पसरतात याचा अभ्यास) येते, तुला त्यात रस आहे का? सीट नाहीच मिळाली तर त्या डिग्रीवर नोकरी करायची तयारी असेल तरच लोन काढ, कारण ॲडव्हान्स्ड स्टँडिंगची पूर्ण फी बहुतेक ठिकाणी लाख डॉलरच्या पुढे जाते आणि ती या लोनच्या वर येणार.

सांगलीची_डेंटिस्ट:
खूप आभार दोघांचे. पब्लिक हेल्थमध्ये खरं सांगायचं तर रस नाही, मला चेअरसाइडच (पेशंटवर प्रत्यक्ष काम) आवडतं. कॉलेजला फीडबॅकसाठी मेल टाकते. यावेळी एमपीएच न करता बेंचची तयारी करून परत अप्लाय केलं तर वाया गेलेलं वर्ष दिसेल का?

निळी_छत्री:
क्लिनिक चालू ठेव, मग वर्ष वाया कसं दिसेल. तुझ्या सरांचं जुनं लेटर तसंच वापरू नकोस, या वर्षातल्या केसेस घालून नवीन लिहून घे, आणि एसओपी (अर्जातला स्वतःबद्दलचा निबंध) पण नव्याने लिही. टोफेलची तारीख आजच बघ, स्कोअर २ वर्षंच चालतो, अप्लाय करेपर्यंत संपत असेल तर आत्ताच स्लॉट घे.