घरात कोणाला कशाची ॲलर्जी आहे? अनुभव लिहा

इंदूरकर मंडळी, नुसतं "अमुक सोसत नाही" नको, नेमकं कशाने काय झालं, कसं कळलं आणि घरात काय बदललं ते लिहा, दुसऱ्याच्या उपयोगी तेच पडतं. सुरुवात मी करते.

माझ्या लेकाला शेंगदाण्याची. लहान होता, उपासाच्या खिचडीचा घास खाल्ला आणि बघता बघता ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, मग खोकला थांबेचना. डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं आणि बरा दिसायला लागला तरी काही तास सोडलं नाही, कारण रिॲक्शन पुन्हा उलटू शकते. सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी खाजेपुरती ठीक आहे हो, पण श्वास अडकला, आवाज बसला, चक्कर आली की तिच्यावर विसंबायचं नाही, सरळ हॉस्पिटल. आपल्याकडे दाण्याचं कूट कशात नसतं? आता ते घरातच येत नाही. सासूबाई कोशिंबिरीत ओलं खोबरं घालतात, एकादशीला भगर असते पण दाण्याची आमटी बंद, आणि शाळेत बाईंना लेखी देऊन ठेवलंय.

*सुदामानगरहून*
आमच्या मुलीला दुधाची, म्हणजे दुधातल्या प्रोटीनची. लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा त्रास वेगळा बरं का, त्यात पोट फुगतं, जुलाब होतात. हिला चमचाभर दह्यानेही उलट्या आणि अंगावर चट्टे. सगळे सांगायचे बकरीचं द्या, डॉक्टर स्पष्ट नाही म्हणाले, प्रोटीन बरंचसं सारखंच असतं. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत नेलं की जीव मुठीत. भुट्ट्याच्या किसात दूध असतं, आणि आपली शिकंजी तर दुधाचीच, वर सुकामेवा, पण बाहेरून आलेले पाहुणे लिंबाचं सरबत समजून मुलांच्या हातात देतात. पाकिटावर मात्र वाचता येतं, २०२० च्या नियमांप्रमाणे दूध, अंडी, शेंगदाणे, सोया, ग्लुटेनवाली धान्यं असलं काही असेल तर लिहावंच लागतं.

*रामबागेतून*
वय ६८. सकाळी उठलं की शिंकांची माळ, वर्षानुवर्षं सगळे "सर्दीचा कोठा" म्हणत आले. शेवटी स्किन टेस्ट केली (त्याआधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवायला सांगतात, नाहीतर टेस्टमध्ये दिसत नाही) आणि निघाले धुळीतले माइट, डोळ्याला न दिसणारे, गादी-उशीत राहणारे. सूनबाई आता चादरी, अभ्रे दर आठवड्याला ६० डिग्रीवर धुते, गादीला घट्ट विणीची खोळ घातली, जुनी रजई काढून टाकली. शिंका पुष्कळ कमी झाल्या. नुसतं झटकू नका, झटकल्याने उलट उडतं.

*तिलकनगर*
थोडक्यात लिहिते. आईच्या कपाळावर टिकलीच्या जागी आधी खाज, मग पांढरा डाग. टिकलीच्या गोंदाने होतं हे. स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, कुंकवाने झाकत बसू नका.

*राजेंद्रनगर*
मला सातवा चालू आहे. ह्यांना दमा, मला लहानपणी एक्झिमा (त्वचा कोरडी, लाल होऊन खाजते तो). बाळाला पण होईल का? दाणे, अंडं मोठं होईपर्यंत देऊच नको असं सगळे सांगून राहिलेत.

अगं, आईबाबांकडून ॲलर्जीकडे कल येऊ शकतो, पण होईलच असं नाही आणि झाली तरी त्याच गोष्टीची होते असंही नाही. लांब ठेवायचा सल्ला आता जुना झाला. २०१५ साली लंडनच्या अभ्यासात जोखीम जास्त असलेल्या ४ ते ११ महिन्यांच्या बाळांपैकी काहींना दाणे खायला दिले, काहींना नाही. पाचव्या वर्षी न खाणाऱ्यांत १७.२ टक्क्यांना दाण्याची ॲलर्जी निघाली, खाणाऱ्यांत ३.२ टक्क्यांना. वरचं अन्न सुरू झालं की दाण्याची मऊ पेस्ट पातळ करून द्यायची, अख्खा दाणा अजिबात नाही, घशात अडकतो. एक नवीन पदार्थ एका वेळी, तोही दिवसा. मात्र बाळाला एक्झिमा जास्त असेल किंवा अंड्याची ॲलर्जी दिसली असेल तर आधी डॉक्टरांना विचार, ते टेस्ट करून सांगतील घरी द्यायचं की त्यांच्यासमोर.