विंडोज १० चा जुना पीसी: ठेवावा की काढावा?

प्रश्न: सांगली मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवरचा पीसी. आय-३ चौथी पिढी, ८ जीबी रॅम, काम टॅली आणि जीएसटीचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, दुकानदार नवाच घ्या म्हणतोय. गरज आहे का?

उत्तर १: लगेच नाही. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडा, वाढीव सिक्युरिटी अपडेटच्या (ईएसयू) नोंदणीचं 'एनरोल नाऊ' दिसेल. दिसत नसेल तर आधी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती टाका. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की फुकट. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी पॅच येतात. फक्त सिक्युरिटीचेच, बरं का.

उत्तर २: रुफस या फुकट सॉफ्टवेअरने इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवून विंडोज ११ ची टीपीएमची (सिक्युरिटी चिपची) अट टाळता येते, ते बसतंही. पण दरवर्षीचं मोठं अपडेट आपोआप येत नाही, पुन्हा हाताने टाकावं लागतं. हिशेबाच्या मशीनवर हा उद्योग नकोच.

उत्तर ३: विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम सुचवणाऱ्यांनो, टॅली विंडोजवरच चालतं! जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर आधी २.५ इंची साटा एसएसडी (वेगवान डिस्क) टाका. चौथ्या पिढीच्या बोर्डावर एनव्हीएमई (नव्या प्रकारच्या) एसएसडीवरून सहसा बूट होत नाही. डिस्क बदलण्याआधी टॅलीचा डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, आणि दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.