उत्तर: बदली झाली म्हणून आपली भाड्याची रूम मालकाले न इचारता दुसऱ्याले देली तर चालते का?

वरती एका भाऊनं लिहिलं का भाडं टायमावर देतो ना, मंग मालकाचं काय जाते. असं नसते भाऊ. ११ महिन्याचा लिव्ह अँड लायसन्स (म्हंजे मालकानं राहाले परवानगी देल्याचा करार) असन तर तो परवाना तुमच्यापुरताच, १८८२ च्या ईझमेंट्स कायद्यात कलम ५६ हाय, करारात तशी सोय नसन तर दुसऱ्याले देताच येत नाही. आन् जिथं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू हाय तिथं भाडेकरूनं परस्पर पोटभाडेकरू ठेवला तर कलम १६ खाली मालक घर खाली मागू शकते, भाडं भरलं का नाही हा मुद्दाच नाही.

आपल्या इकडं लफडं येगळंच, कागदच नसते. सारं तोंडी, लाईटचं मीटर मालकाच्या नावावर, आन् तुम्ही चावी देता पोलीस भरतीच्या पोट्ट्यायले. दोघं म्हणून येतात, संत्र्याच्या सीझनपर्यंत पाच होतात, पाण्याची मोटार दिवसभर चालू (मालकीणबाईच्या डोक्याले ताप तो येगळा), बिल थकलं का मालक फोन तुम्हालेच करन, डिपॉझिटबी तुमचंच कापन. त्यापेक्षा मालकाले सरळ इचारा, पोट्ट्यायच्या नावानं नवा करार करा आन् आपलं डिपॉझिट घेऊन मोकळे व्हा. तो हो म्हणन तर व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या.