धडधाकट माणसाने बीसीआर-एबीएल तपासायचं कशाला?

टेकडीवाला: 'चाळिशीनंतर प्रत्येकाने रक्तातली कॅन्सरची जनुकं तपासून घ्या' ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. गुणसूत्र ९ आणि २२ चे तुकडे अदलाबदल झाले की बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होतं आणि त्यातून सीएमएल हा रक्ताचा कॅन्सर. मान्य. पण ठणठणीत लोकांच्या पांढऱ्या पेशींतही त्याचा आरएनए (जनुकाची पेशीतली नक्कल, तपासणीत मोजतात ती) किंचित सापडतो, हे १९९५ सालीच छापून आलंय. त्यातल्या बहुतेकांना पुढे काहीही होत नाही. मग 'सापडलं' असा रिपोर्ट घेऊन त्या माणसाने करायचं काय? रात्रभर जागायचं?

मिरजकर_ताई: आमच्या ह्यांना काडीचा त्रास नव्हता. नोकरीच्या मेडिकलमध्ये पांढऱ्या पेशी दीड लाख निघाल्या. 'कशाला तपासायचं' म्हणणारे घरातही होते, त्यांच्यापायी उशीर झाला. असलं लिहून लोकांना अडवू नका.

टेकडीवाला: ताई, मेडिकलमध्ये सीबीसीच, म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणीच केली ना? सीबीसी कराच. माझा विरोध धडधाकट माणसाला जनुकांचं पॅकेज विकण्याला आहे.

विदर्भवीर: खरा घोळ लॅबचा आहे. मी सीएमएलचा पेशंट, माझा बीसीआर-एबीएलचा आकडा एकीकडे ०.०८ टक्के, लगेच दुसरीकडे ०.३! ०.१ च्या आत असलं तर एमएमआर, म्हणजे गोळी चांगली लागू पडतेय, बाहेर गेलं की गोळी बदलायची चर्चा. आमच्या गावाहून नळी दुसऱ्या दिवशी पोचते, तोवर आरएनए उरतो किती? नमुना चांगला होता का हे ज्यावरून कळतं त्या कंट्रोल जीनच्या कॉपी किती मिळाल्या तेही छापत नाहीत.

पिपेट: दोन्ही रिपोर्टवर 'आयएस' (आंतरराष्ट्रीय मोजपट्टी) होतं का? नसेल तर आकडे एकमेकांशी ताडताच येत नाहीत. न बघता लॅबला शिव्या घालू नका.

विदर्भवीर: पेशंटने हेही शिकायचं? पैसे मोजून घेता तेव्हा सांगायला तोंड नसतं?

पिपेट: तोंड सांभाळून. नळी उन्हात ठेवणारा कलेक्शनवाला माझा नोकर नाही.

मिरजकर_ताई: भांडा खुशाल. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्लिवेक या सीएमएलच्या गोळीचं पेटंट नाकारलं, म्हणून आमच्यासारख्यांना तेच औषध, देशी इमॅटिनिब, परवडतं. पण बीसीआर-एबीएलच्या एका तपासणीला महिन्याच्या गोळ्यांपेक्षा जास्त पैसे पडतात. ह्यांनी यंदा ती टाळलीच. त्यावर कोणी बोलेल का?

टेकडीवाला: हे मात्र पटलं. निरोग्यांच्या पॅकेजपेक्षा हा खर्च आधी कमी व्हायला हवा. सीबीसीबद्दल मी म्हटलं तेच म्हणतो.

पिपेट: कॉपी छापायला हव्यात, ठीक आहे. मग नळी कधी भरली ती वेळही कलेक्शनवाल्याने लिहावी.